जानेवारीत मनाली, पावसाळ्यात ताम्हिणी: ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्यावी की टायरवर पैसे घालावेत?

कोथरूडकरीण

नमस्कार. घरची गाडी बदलायची आहे. आम्ही पाच जण: दोघं, सासू-सासरे आणि पाच वर्षांची मुलगी. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, इथपर्यंत एकमत झालंय. अडलंय ते साधी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह (फक्त पुढची चाकं ओढणारी) घ्यायची की ऑल-व्हील, यावर. फरक दीड-एक लाखाचा पडतो.

वर्षभर फिरणं पुण्यातच. पावसाळ्यात ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी. आणि जानेवारीत गाडीनेच मनालीला जायचं आहे, रस्ता चालू असेल तर अटल बोगद्यातून पुढे सिस्सूपर्यंत. घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, चारही चाकं ओढणारी गाडी असली की बर्फाची चिंता नको. दुसरा म्हणतो, तेच पैसे टायरमध्ये घाला. विंटर टायर इथूनच बसवून निघावं का? बर्फात टायरवर गुंडाळतात ती चेन घ्यावी लागते का, आणि ती कोणत्या चाकांना? ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

टॉर्क रेंच

ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या काढा: गाडी निघणं आणि गाडी थांबणं. ऑल-व्हील-ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटते, म्हणून ती निघताना आणि चढताना कामाला येते. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना आणि वळताना रस्ता धरून ठेवतं ते फक्त टायरचं रबर, प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढं.

गणित करून बघा. ताशी ४० किमी, सपाट रस्ता, करकचून ब्रेक. कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे टायरची पकड मोजणारा आकडा, साधारण ०.८, गाडी ८ मीटरमध्ये उभी. ओल्या डांबरावर ०.५ धरा, साडेबारा मीटर. चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर आपल्या नेहमीच्या टायरला ०.२ च्या आसपास मिळतो, म्हणजे ३१ मीटर. तिथेच विंटर टायर ०.३ पर्यंत जातो, २१ मीटर. रात्री वितळलेलं पाणी गोठून काच झाली असेल तर ०.१, म्हणजे ६३ मीटर. हे सगळं पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं. तो पडायला लागणाऱ्या एका सेकंदात आणखी ११ मीटर गेलेले असतात.

आता तोच गोठलेला रस्ता उताराचा घ्या, १०० मीटरला ६ मीटर उतरणारा. घाटात हे नेहमीचंच. ०.१ पैकी ०.०६ उतारच खाऊन टाकतो, हातात उरतात ०.०४. थांबायला १५७ मीटर. आणि उतार १०० ला १० झाला तर ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही, नुसती घसरत राहते. या एकाही आकड्यात गाडी कोणत्या चाकांनी ओढली जाते याचा संबंध नाही.

मग ऑल-व्हीलचा उपयोग कुठे? चढाला. फ्रंट-व्हील गाडीत मोकळ्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. पाच माणसं बसली, डिकीत बॅगा भरल्या आणि गाडीचं नाक वर झालं की तो ५० टक्क्यांवर येतो. ०.२ च्या बर्फावर मग पुढच्या चाकांना जेमतेम १०० ला १० चा चढ झेपतो, त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतात. ऑल-व्हीलला पूर्ण वजन वापरता येतं, म्हणून कागदावर १०० ला २० पर्यंत चढते. फरक मोठा आहे, खोटा नाही.

पण नेमका इथेच फास आहे. साधी गाडी चढावर फिरायला लागते आणि तुम्हाला सांगते की रस्ता निसरडा आहे, परत फिर. ऑल-व्हील काहीच न सांगता वर घेऊन जाते. त्याच रस्त्याने, त्याच टायरवर उतरायचं असतं तेव्हा चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीचा काही उपयोग नसतो. म्हणून क्रम असा: आधी टायर, मग चेन, आणि पैसे उरले तर ऑल-व्हील.

घाटमाथा

टॉर्क रेंच यांनी पाया घातलाच आहे, मी टायरबद्दल लिहितो.

विंटर टायर पुण्याहून बसवून जाऊ नका. त्याचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, जेणेकरून ७ अंशांच्या खाली तापमान गेलं तरी ते कडक होऊ नये. आपला नेहमीचा टायर त्या थंडीत ताठर होतो, रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरत नाही, म्हणून घसरतो. पण पुणे ते मनाली हा साधारण १,९०० ते २,००० किमीचा प्रवास आहे, आणि त्यातला बर्फ असला तर शेवटचे ३०-४० किमी. बाकी सगळं गरम, कोरडं डांबर. तिथे मऊ रबर भराभर झिजतं, वळणावर गाडी डोलते आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. परत आल्यावर एप्रिल-मेच्या ऊन्हात तेच टायर ठेवलेत तर पुढच्या थंडीपर्यंत त्यांची नक्षी उरणार नाही. शिवाय पुण्यात ते दुकानात सहसा तयार मिळत नाहीत, मागवावे लागतात. हिमाचलात किंवा काश्मीरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला मी डोळे मिटून सांगेन की ऑल-व्हीलच्या आधी चार विंटर टायर घ्या. आठवडाभराच्या पाहुण्यासाठी तो सौदा बसत नाही.

खूण ओळखायला शिका. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चित्र असेल, तर तो टायर बर्फावर तपासणीत उतरलेला आहे. नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर ते नक्षीच्या रचनेवरून कंपनीने दिलेलं वर्णन आहे, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. मोठ्या गठ्ठ्यांचे ऑल-टेरेन टायर दिसायला दणकट असतात आणि चिखलात कामाचेही आहेत, पण त्यांचं रबर कडक असतं. गोठलेल्या रस्त्यावर त्यांचा भरवसा नाही, आणि ओल्या डांबरावर ते साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा उशिरा थांबतात. दिसण्यावर भुलून ते बसवू नका.

म्हणजे तुमच्यासाठी: कंपनीच्याच मापाचे, २१५/६० आर१७, चांगल्या प्रतीचे, ओल्यात उत्तम पकड असलेले टायर. नवी गाडी असेल तर ते नवेच असतील, नक्षीची खोली साधारण ८ मिमी. बर्फात ४ मिमीच्या खाली नक्षी असेल तर जाऊच नये. खोल नक्षी बर्फ धरून ठेवते, आणि बर्फावर बर्फच चांगला चिकटतो.

हवेचं एक सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. पुण्यात ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेली हवा मनालीच्या उणे ५ अंशांत ३० च्या आसपास दिसेल. थंडीने दाब बराच उतरतो, साधारण दर ५-६ अंशांना १ पीएसआय. पण मनाली २,०५० मीटरवर आहे, बाहेरची हवा विरळ असल्याने काट्यावर थोडं परत मिळतं. सकाळी गाडी हलवण्याआधी थंड टायरमध्ये मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पूर्ण भाराचा जो आकडा असेल तो ठेवा. 'बर्फात हवा कमी करावी' हा सल्ला वाळूसाठीचा आहे. घाटात पाच माणसं घेऊन तो पाळू नका. परतताना मैदानात उतरल्यावर पुन्हा मोजायला विसरू नका.

मुळशीकर

मी ऑल-व्हीलच्या बाजूने थोडं बोलतो, कारण इथे ते फारच मागे पडलंय.

एक, बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे पोलीस अडवतात आणि ४x४ किंवा चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. काश्मीरमध्ये टंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावरही तेच. अर्थात त्या दिवशीचा आदेश तो अंतिम. कधी दोन्ही असूनही रस्ता बंदच असतो. दोन, या गाडीतल्या ऑलग्रिप सिलेक्ट या ऑल-व्हील यंत्रणेला ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. स्नो मोडमध्ये अॅक्सिलरेटर मवाळ होतो आणि मागच्या चाकांना आधीपासून ताकद जाते, त्यामुळे चाक फिरून मग सावरण्याऐवजी फिरूच दिलं जात नाही. ओल्या घाटातल्या तीव्र वळणावरून चढ घेतानाही हे जाणवण्याइतकं चांगलं काम करतं. तीन, मुळशी-वेल्ह्याकडे शेतावर किंवा कच्च्या रस्त्याने नेहमी जाणं असेल तर पावसाळ्यातल्या लाल चिखलात फ्रंट-व्हील गाडी अडकते, ही निघून जाते. तिथे टायर बदलूनही तेवढा फरक पडत नाही.

मात्र ही थार किंवा जिम्नी नव्हे. यात लो रेंज गिअर नाही, त्यामुळे तीव्र उतारावर इंजिनाच्या जोरावर मुंगीच्या गतीने उतरवण्याची सोय नाही. आणि चालवायचा खर्चही धरा: गाडी जड होते, मायलेज लिटरमागे दीड-दोन किमीने उतरतं, आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, जवळपास सारखे झिजलेले ठेवावे लागतात. नक्षीत २-३ मिमीहून जास्त फरक पडला की लहान झालेलं चाक जास्त फेरे मारतं, मागच्या चाकांना ताकद जोडणारा मधला क्लच सतत घासतो आणि तापतो. एक टायर फाटला तर कधी दोन, कधी चार घ्यावे लागतात. दर १०,००० किमीला टायरची अदलाबदल चुकवू नका.

ताई, तुमच्या वर्णनात कच्चा रस्ता कुठेच नाही. तसा असेल तर सांगा, माझं मत ऑल-व्हील. नसेल तर वरच्या दोघांशी सहमत.

टॉर्क रेंच

मुळशीकरांचा चिखलाचा मुद्दा अगदी मान्य. तिथे प्रश्नच निघण्याचा असतो.

पावसाळ्यातल्या टायरबद्दल फारसं कोणी लिहिलं नाही, आणि ताईंच्या गाडीचे चार महिने त्यातच जाणार आहेत. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी घासत त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण ताम्हिणीच्या पावसासाठी तो आकडा फार उशिराचा आहे. ३ मिमी झाले की जूनच्या आधी बदला. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि ताशी ८० च्या आतही स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही, फक्त पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा. यात ऑल-व्हीलचा काडीचा उपयोग नाही, कारण चारही चाकं पाण्यावर असतात.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे. आपल्याकडे दुकानात न विचारता पुढे बसवतात, 'ड्राइव्ह पुढे आहे ना' म्हणून. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की सावरते. मागचे सुटले तर शेपूट फिरतं, आणि ते सावरणं घरच्या चालकाच्या हातचं नसतं. उभं राहून सांगा, मागेच बसव. हे फ्रंट-व्हील गाडीबद्दल. ऑल-व्हीलला मुळशीकरांनी लिहिलेला सारख्या झिजेचा नियम आहेच.

वयही बघा. बाजूवरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पुण्यात गाडी रोज ऊन्हात उभी असते आणि वर्षाला ६-७ हजार किमीच फिरते, तेव्हा नक्षी शिल्लक राहते पण रबर ५-६ वर्षांत वाळतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या किंवा नखाने दाबून रबर दगडासारखं लागलं तर नक्षीकडे न बघता बदला.

कोथरूडकरीण

मनापासून आभार. कच्चा रस्ता आमच्या वाट्याला फारसा नाही. त्यामुळे फ्रंट-व्हील, चांगले टायर आणि चेन, असं ठरवतेय. आता चेनचं नीट सांगा, आणि मुलगी व सासू-सासरे सोबत असताना काय बघायला हवं तेही.

घाटमाथा

चेन नेहमी ओढणाऱ्या चाकांना, म्हणजे तुमच्या गाडीला पुढे. खरेदीआधी दोन गोष्टी बघा. गाडीच्या पुस्तिकेत या मापाच्या टायरवर चेन चालते का, आणि कोणत्या जाडीची. दुसरं, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनपर्यंत किती जागा उरते. चेन ९ मिमी आणि १२ मिमी जाडीच्या मिळतात; जागा कमी असेल तर ९ चीच. पाकिटावर २१५/६० आर१७ हे माप छापलेलं असलंच पाहिजे. बर्फाच्या ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या शिडीसारख्या चेन बहुतेकदा 'सगळ्याला बसते' अशा असतात. त्या ढिल्या राहतात आणि फिरताना आत आपटून ब्रेकचा होज, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर किंवा चाकावरचं प्लॅस्टिक फाडतात.

लावण्याची रीत: सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड. चेनचा लवचिक गोल टायरच्या मागून फिरवून वर आणा आणि त्याची टोकं अडकवा. मग जाळी पुढच्या बाजूला ओढून रंगीत हुक लावा, आणि ताणाची साखळी कुलपातून ओढून घट्ट करा. ५०-१०० मीटर हळू चालवून थांबा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या फेऱ्यांत ती बसते आणि ढिली होते. वेग ताशी ३०-४० च्या वर नको. काळं डांबर दिसलं की काढा. कोरड्या रस्त्यावर कडी तुटते आणि टायरही कापला जातो. कोथरूडमध्ये पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघा, हातमोजे घालून. उणे तापमानात, अंधारात, पहिल्यांदाच पाकीट उघडलं तर बोटं काम करत नाहीत.

आणि हे महत्त्वाचं: फक्त पुढे चेन असताना उतारावर पुढची चाकं धरतात आणि मागची नुसत्या टायरवर असतात. वळणात ब्रेक मारला की शेपूट बाहेर जातं. तीव्र उतार असेल तर पुस्तिका परवानगी देत असल्यास चारही चाकांना लावा, नाहीतर तो रस्ता सोडा. उतरताना पहिला-दुसरा गिअर, ब्रेक हलका, आणि सरळ भागात, वळणात नाही. एबीएस लागून पॅडल थरथरलं तर पाय काढू नका. निघताना चाकं फिरून गाडी जागची हलत नसेल तेवढ्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण ते इंजिनाची ताकद कापतं. बाहेर निघाली की लगेच चालू.

काळा बर्फ सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर, सावलीतल्या वळणांवर आणि पुलांवर असतो. रस्ता फक्त ओला दिसतो आणि टायरचा आवाज एकदम बंद होतो. दुपारच्या वेळेतच जा. बर्फ पडत असेल तर मनालीहून स्थानिक ४x४ टॅक्सी करून जाणं हाच सरळ मार्ग. चालक रोजचा आणि टायर तिथलेच.

मुळशीकर

घरच्यांबद्दल. मुलीला जाडजूड जॅकेट घालून चाइल्ड सीटचे पट्टे लावू नका. धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टे तेवढेच ढिले निघतात. जॅकेट काढा, पट्टे छातीला लावून घट्ट करा, वरून पांघरूण घाला. सासू-सासऱ्यांनाही मागच्या सीटवर पट्टा लावलाच पाहिजे, शालीच्या आतून.

बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसावं लागलं, तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना हे आधी उतरून बघा. बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, आणि आधी झोपेत असलेली मुलं आणि वयस्कर माणसं सापडतात. दर वीस मिनिटांनी बघा, एक काच बोटभर उघडी ठेवा.

गाडीची तयारी: पुण्यात रेडिएटरमध्ये कुणी साधं पाणी घातलं असेल तर ते काढून न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं भरा, त्या मिश्रणाला उणे ३५ पर्यंत धोका नाही. काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी ठेवलं तर ते गोठून पंप किंवा टाकी फुटते, न गोठणारं द्रव भरा. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी तपासा. रात्री ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो तसाच गोठतो. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

आणि बर्फाच्या आधी धुकं. जानेवारीत दिल्लीपासून अंबाल्यापर्यंत पहाटे आणि रात्री काहीही दिसत नाही. तिथे लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलाय असं वाटतं. सकाळी साडेनऊच्या आधी हायवेला निघू नका, मुक्काम आधीच ठरवून ठेवा.

कोथरूडकरीण

चेन मागवली, ९ मिमीची. रविवारी पार्किंगमध्ये लावून बघणार आहोत. एक राहिलंच: स्टेपनी लहान मापाची असेल तर चेनचं काय?

घाटमाथा

लहान मापाच्या स्टेपनीवर तुमची चेन बसणार नाही, आणि ती स्टेपनी ताशी ८० पर्यंतच चालवायची असते. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा, स्टेपनी मागे लावा, आणि चेन पुढच्या दोन मूळ चाकांना. दोन चाकं खोलायची म्हणजे वेळ दुप्पट लागतो. डिकीत जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घ्या, नाहीतर तो बर्फात रुततो.